दाढ दुखायची थांबली, तरी रूट कॅनल करायचं का?

५ दिवसांच्या गोळ्यांनी ठणका गेला, मग डॉक्टर अजून रूट कॅनलच (दाताच्या आतलं मऊ काढून तिथे भराव घालणं) का धरून बसलेत, उगाच खर्चात तर पाडत नाहीत ना, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, नाशिकला सातपूर एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. पण हीच शंका मला ३ वर्षांपूर्वी आली होती आणि तिच्यापायी ८ महिने घालवले.

खालची उजवी दाढ. जानेवारीत पहाटेच्या शिफ्टला गाडीवर गार वारं लागलं की कळ यायची, लगेच जायची. तेव्हाच दाखवलं असतं तर बहुतेक साध्या फिलिंगवर भागलं असतं. पुढे चहाच्या घोटाने सुरू झालेली कळ दहा-दहा मिनिटं हटेना. मग रात्री आडवं झालं की ठणका, उठून बसलं की जरा कमी. बायकोने लवंगेच्या तेलाचा बोळा दिला, तासभर बरं वाटायचं. गोळ्याही झाल्या. आणि एके दिवशी सगळं बंद. गरम नाही, गार नाही. मी खूश, रविवारी मिसळीवर तर्री दोनदा मागून घेतली.

आतली नस मेली होती, हे ८ महिन्यांनी गाल सुजला तेव्हा कळलं.

दाताच्या मधोमध मऊ गर असतो, त्यात नसा आणि रक्तवाहिन्या. कीड तिथवर पोचली की गर सुजतो. पाय मुरगळला तर सुजेला पसरायला जागा असते. इथे चहूबाजूंनी कडक भिंत, म्हणून तो रात्रीचा ठणका. गर मेला की ठणका थांबतो, जंतू मात्र तिथेच राहतात आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. गोळीचं औषध रक्तातून जातं, आणि मेलेल्या गरात रक्तच पोचत नाही. आजूबाजूची सूज उतरते, आतलं घर तसंच.

आता तुमची खरी शंका, डॉक्टर फसवतायत का. सरळ सांगा, एक्स-रे समजावून द्या. माझ्यात मुळाच्या टोकाशी मटारच्या दाण्याएवढा काळा डाग होता, तिथलं हाड गेलेलं. शिवाय त्यांनी गारेगार केलेला कापसाचा बोळा आधी शेजारच्या दाढेला लावला, मी दचकलो. मग दुखऱ्या दाढेला लावला, तर काहीच नाही. ते बघितल्यावर मी वाद घातला नाही.

तीन बैठका लागल्या. भुलेचं इंजेक्शन टोचतं तेवढंच, मग अर्धा ओठ आणि जीभ दगड. (घरी येऊन लगेच चहा घेऊ नका, ओघळतो. ओठ चावला गेला तरी कळत नाही.) दाढेभोवती रबराचा पडदा लावून वरून भोक पाडतात आणि बारीक फायलींनी आतलं सगळं काढतात. माझ्या दाढेला मुळं २, पण कॅनल, म्हणजे मुळातल्या बारीक नळ्या, ३. लांबी मोजायला एक यंत्र असतं, टोकाजवळ आलं की बीप-बीप करतं. एक कॅनल २१ मिलिमीटर भरला. आम्ही कंपनीत बोअर (आरपार भोकं) मापतो, पण केसाएवढा आणि वर वाकडा बोअर उताण्या माणसाच्या तोंडात करायचा म्हणजे कमाल आहे! धुवायला हायपोक्लोराइट, हे जंतू मारणारं द्रावण, त्याला स्विमिंग पूलसारखा वास येतो. शेवटी गटापर्चाच्या नारिंगी काड्या भरून बंद. हा गटापर्चा झाडाच्या चिकापासून होतो. करताना दुखलं नाही, नंतर ३ दिवस चावताना ठसठसलं.

आणि इथे मी तीच चूक परत केली. दुखत नाही ना, मग कॅप (दाढेवर बसवायचं टोपण) नंतर बघू. आतून पोखरलेली दाढ, दीड महिन्याने खारा शेंगदाणा चावला आणि कोपरा कट्कन निघाला. नशीब, तुकडा हिरडीच्या वरच तुटला. खाली चीर गेली असती तर दाढ काढावी लागली असती. पैसे विचारताना रूट कॅनल आणि कॅप धरूनच विचारा. परवडत नसेल तर पंचवटीत डेंटल कॉलेज आहे, तिथे चौकशी करा. वेळ जातो, पण खर्च कमी येतो.

काढून टाकायचा पर्यायही आहेच, अक्कलदाढ असेल तर बऱ्याचदा तोच बरा. चावायची दाढ काढली तर शेजारच्या दाढा हळूहळू त्या फटीत कलतात, आणि पुढे इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून लावलेला कृत्रिम दात) करायचं ठरलं तर ते जास्त महाग पडतं.

शुगर असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि जबड्याखाली सूज आली, ताप आला, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास व्हायला लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.