सारसाचं घरटं आणि ग्रॅच्युइटीची तारीख

नागपूरच्या मनीषनगरहून एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय २७, मिहानमधल्या एका कंपनीत १२ जुलै २०२१पासून नोकरी, हातात ४६ हजार, बेसिक २६ हजार. गेली तीन वर्षं रविवारी पहाटे गोरेवाडा नाहीतर अंबाझरीवर दुर्बीण घेऊन उभ्या असतात. पक्षी सप्ताहात एका संस्थेशी ओळख झाली आणि तिथून प्रस्ताव आला: गोंदिया जिल्ह्यात दहा महिन्यांची इंटर्नशिप, महिना १४ हजार मानधन. काम सारसांच्या घरट्यांवर लक्ष ठेवण्याचं आणि गावच्या शाळांतल्या मुलांना तलावावर, बांधावर नेऊन शिकवण्याचं. जानेवारीत रुजू व्हा म्हणतात. शिक्षणकर्जाचे १ लाख ६० हजार बाकी आहेत, हप्ता ७,२००. घरी १० हजार देतात. एफडी १ लाख ८० हजार, म्युच्युअल फंडात २ लाख १० हजार, पीएफ साधारण २ लाख २० हजार. वडील ६१ वर्षांचे, मधुमेही, आणि आई-वडील दोघंही कंपनीच्या मेडिक्लेममध्ये. ‘नोकरी सोडू की नको?’ एवढंच विचारलंय.

ताई, सोडा. पण जानेवारीत नको, जुलैत सोडा.

कारण सांगतो. सलग ५ वर्षं नोकरी झाली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीनं द्यायच्या एकरकमी पैशांचा, हक्क लागतो. हिशेब असा: शेवटचा बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुमच्या २६ हजारांवर वर्षाला बरोबर १५ हजार बसतात, म्हणजे ५ वर्षांचे ७५ हजार. जानेवारीत निघालात तर शून्य. सात महिन्यांच्या पगाराखेरीज पाच महिन्यांच्या मानधनाएवढे पैसे तिथंच सांडतात. (काही न्यायालयांनी ४ वर्षं २४० दिवसही पुरेसे मानलेत, पण एचआरला निकालपत्रं दाखवत बसण्याची हौस असेल तरच त्या भरवशावर राहा.)

संस्थेला विचारायला संकोच वाटत असेल तर एक लक्षात घ्या. सारस घरटं करतो पावसाळ्यात, पाणी भरलेल्या धानाच्या बांध्यांत नाहीतर मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठाला. विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या अखेरीस. म्हणजे तुमच्या कामाचा गाभाच जुलैत सुरू होतो. जानेवारी ते जूनमध्ये थव्यांच्या नोंदी, गावबैठका आणि अहवाल असतील, त्याही शिकण्यासारख्या आहेत. पण ‘घरट्यांच्या हंगामापासून येते, पूर्ण दहा महिने देते’ असं म्हटलंत तर समजूतदार संस्था सहसा नाही म्हणणार नाही. म्हणालीच, तर त्या जागेसाठी ७५ हजार मोजायचे का, हा निर्णय तुमचा. मी मोजणार नाही.

आता घरखर्च. गोंदियाला खोली आणि मेस ८ हजार, पेट्रोल-मोबाइल ३ हजार, हप्ता ७,२००, घरी १० हजार. झाले २८,२००. मानधन १४ हजार, महिन्याची खोट १४,२००, दहा महिन्यांची १ लाख ४२ हजार. इथवर गणित बहुतेक जण करतात. पुढचं विसरतात. इंटर्नशिप संपल्यावर दुसऱ्या दिवशी नोकरी मिळत नाही, म्हणून चार रिकामे महिने धरा. घरी राहिलात तरी हप्ता, घरचे पैसे आणि चार हजार हातखर्च मिळून २१,२०० लागतील, चार महिन्यांचे ८४,८००. त्यात आई-वडिलांच्या मेडिक्लेमचे ४५ हजारांच्या आसपास आणि तुमच्या स्वतःच्या पॉलिसीचे ७ हजार. एकूण पावणेतीन लाखांच्या वर, २ लाख ७९ हजार.

जानेवारीत निघालात तर एफडी मोडून सुमारे ९९ हजार कमी पडतात आणि म्युच्युअल फंडाला हात लागतो. बुडणार नाही तुम्ही, पण परत याल तेव्हा बाजार कुठं असेल ते आपल्या हातात नाही. जुलैत निघालात तर सात पगार मिळतात. तुमच्याच आकड्यांनुसार हप्ता, घर, ५ हजारांची एसआयपी आणि स्वतःचे १४ हजार जाऊन ९,८०० उरायला हवेत. ‘महिनाअखेर काही उरत नाही’ असंही तुम्हीच लिहिलंय. ते वर्धा रोडवरच्या कॅफेंना विचारा. पगाराच्या दिवशीच १५ हजार वेगळ्या खात्यात टाका. स्वतःच्या खर्चातून ५,२०० कमी करावे लागतील, आणि गोंदियात तसंही ती सवय लागणारच आहे. सात महिन्यांचे १ लाख ५ हजार, ग्रॅच्युइटीचे ७५ हजार आणि एफडी मिळून ३ लाख ६० हजार. म्हणजे सगळं भागून ८१ हजार शिल्लक, फंडाला न शिवता. जुलैपासून एसआयपी मात्र थांबवा, मानधनातून गुंतवणूक करायला जाऊ नका.

वडील म्हणतात, आधी कर्ज फेड, मग कुठं जायचं ते जा. त्यांच्या पिढीचं ते बरोबरच आहे. तरी माझं मत उलट आहे. एफडी कर्जात घातलीत तर हप्ता सुटेल, पण हातात रोख राहणार नाही, आणि ऑक्टोबरमध्ये मानधन दोन महिने रखडलं तर उसने मागायला नागपूरलाच फोन लावावा लागेल. मानधन रखडतं. निसर्ग संवर्धनातले बरेच प्रकल्प अनुदानावर किंवा कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीवर चालतात, आणि सीएसआरचं चक्र आर्थिक वर्षाला बांधलेलं असतं. म्हणून संस्थेला आणखी एक प्रश्न विचारा: माझे पैसे कुठून येतात आणि ३१ मार्चनंतर त्यांचं काय? तुमचे दहा महिने पुढच्या मेपर्यंत जातात, तेव्हा हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. उत्तर ईमेलवर घ्या. मानधनातून टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला तर विवरणपत्र भरलं की परत मिळतो, ते सोडू नका.

मेडिक्लेमसाठी जुलैची वाट पाहू नका. नोकरी सुटली की कंपनीचं कवच गेलं. वडिलांच्या मधुमेहासारख्या आधीच्या आजाराला नव्या पॉलिसीत ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ते घड्याळ डिसेंबरातच सुरू करा, तोवर कंपनीचं आहेच. फॉर्मवर मधुमेह स्पष्ट लिहा, एजंट नको म्हणाला तरी. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य झालाय, तेवढाच दिलासा. तुमच्यासाठी वेगळा अपघात विमाही घ्या, कारण रात्री कालव्याच्या कडेनं दुचाकी चालवणार आहात. बँकेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना मिळते, ती तर आजच. पीएफ काढू नका, राहू द्या, व्याज चालू राहतं.

१ लाख २० हजारांचा कॅमेरा हप्त्यावर घ्यायचा विचार आहे म्हणता. नको. सारस मोजायला ८ बाय ४२ची दुर्बीण आणि वही पुरते, आणि दुर्बीण तुमच्याकडे आहे. कामात टिकायला लागेल ते वेगळंच: नकाशाचं सॉफ्टवेअर, नीट भरलेल्या नोंदी, गावातल्या माणसाशी बांधावर बसून बोलता येणं. शेतकऱ्यानं घरट्याभोवतीचं धान राखून ठेवायचं की नाही, हे त्या बोलण्यावर ठरतं.

पुढे काय, हेही विचारलंत. माझ्याकडे येणारा एक जण नागपुरातल्या शाळांना निसर्गभ्रमंती घडवतो. त्याचं पासबुक मी पाहतो. जानेवारीत ६२ हजार जमा, ऑगस्टात साडेतीन. थंडीत पाहुणे पक्षी येतात तेव्हा शाळाही येतात, मेच्या उन्हात नागपूरचं पोर गच्चीवरसुद्धा जात नाही. २०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवलेत, त्यामुळे मागणी आहे, पण ती हंगामी आहे. तो बारा महिन्यांचं सरासरी उत्पन्न काढतो आणि दर महिन्याला स्वतःला तेवढाच ‘पगार’ देतो. शिकायला त्याला दोन वर्षं लागली. मधल्या काळात बायकोचा पगार होता, हे तो लगेच सांगत नाही. दुसरी वाट पुढच्या शिक्षणाची. तिचा विचार इंटर्नशिपच्या सातव्या महिन्यात करा, चिखलात दिवस काढल्यावर. आत्ता फी भरू नका. आणि ‘अनुभवासाठी’ उलट तुमच्याकडूनच पैसे मागणारी इंटर्नशिप पुढे कधी समोर आली तर ती सहल समजा.

आता राजीनाम्याची तारीख. तुमचा नोटीस पीरियड ६० दिवसांचा आहे. सोमवारी १८ मे २०२६ला राजीनामा दिलात तर शेवटचा दिवस १७ जुलै, आणि पाच वर्षं ११ जुलैला पूर्ण होतात. सहा दिवसांचीच फट आहे. काही कंपन्या राजीनामा हातात पडला की ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणतात. तुमच्याकडे गेल्या दोन वर्षांत असं कुणाबरोबर झालंय का, ते कॅन्टीनमध्ये हळूच विचारून ठेवा. झालं असेल तर राजीनामा १३ जुलैला द्या आणि संस्थेकडून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मुदत मागा. त्या पावसाळ्यातली बरीचशी घरटी हुकतील, पण सप्टेंबरातही शाळा असतील आणि बांध्यांत पिल्लंही दिसतील.