कुंडीमागे साप दिसला, आता काय?

(या सदरात सोलापूरच्या एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका वाचकांच्या बागेविषयीच्या शंकांना उत्तरे देतात.)

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचं घर, मागे छोटी बाग. पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी जास्वंदीच्या कुंडीमागून काळपट साप निघाला आणि कंपाउंडच्या भोकातून पलीकडे गेला. सासूबाई म्हणतात नागच. मिस्टरांनी सगळीकडे फिनेल ओतलं. मुलं बागेत पाय ठेवत नाहीत.
– एक गृहिणी

उत्तर : ताई, जाणारी शेपटी बघून साप कोणता हे मीही सांगणार नाही. फणा काढलेला नसला की नाग आणि धामण यांत भल्याभल्यांची गफलत होते. म्हणून नावाचा वाद सोडा, विषारी आहे असं धरूनच चाला. आणि मिस्टरांना सांगा, फिनेलने साप हटत नाही, जास्वंद मात्र जाईल.

पहिल्या पावसात बिळांत पाणी शिरतं, साप बाहेर येतात. तो तुमच्याकडेच का थांबला, हे बागेत फिरून बघा. आपल्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून घरोघरी मागच्या बाजूला पिंप. पिंपाचा कॉक ठिबकतो, खाली ओल राहते, ओलीला बेडूक येतात. चिमण्यांना टाकलेली ज्वारी रात्री उंदीर खातात. आणि बांधकामातून उरलेल्या शहाबादी फरश्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतातच, ‘लागतील कधीतरी’ म्हणून. त्या फरशीमागे हाताचा पंजा जाईल एवढी फट, आत गारवा आणि अंधार. माझ्या मते सोलापुरातल्या निम्म्या बागांत सापाची सोय या फरश्यांनीच केली आहे. त्या विकून टाका, नाहीतर भिंतीपासून लांब, विटांवर उंच रचा. कॉक दुरुस्त करा, दाणे संध्याकाळी झाडून घ्या, कंपाउंडचं भोक सिमेंटने बुजवा, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी लावा.

आवरताना मात्र जपून. वीट किंवा कुंडी हलवायची तर तिची पलीकडची कड आधी उचला, आपल्याकडची जमिनीला टेकलेली राहू द्या. म्हणजे आत कोणी असलाच तर तोंड पलीकडे उघडतं आणि तो तिकडे निघतो. आपण सवयीने नेमकं उलटं करतो, शिवाय बोटं खाली सारून. पाचोळा हाताने गोळा करू नका, लांब दांड्याचं दाताळं घ्या आणि पायात बूट घाला. घोणस पाचोळ्यात पडून राहिली की दिसतच नाही. तपकिरी अंगावर काळ्या कडांचे लांबट ठिपके, साखळीसारख्या तीन रांगांत, वाळक्या पानांत पार मिसळून जातात. ती चटकन पळून जात नाही, जागेवरच कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार टाकते. तो आवाज आला की ‘कुठं आहे’ म्हणून वाकायचं नाही. आल्या पावली मागे फिरायचं.

साप समोर दिसलाच तर मुलांना आत घ्या, एकाने लांबून नजर ठेवावी आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करावा. काठी घेऊन मागे लागू नका. कित्येक दंश मारायला गेलेल्यांनाच होतात, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने सापाला मारणं गुन्हाही आहे.

प्रश्न : दाराशी सर्पगंधा आणि झेंडू लावले की साप येत नाही म्हणतात. खरं का?
– निवृत्त बँक कर्मचारी, विजापूर रोड

उत्तर : नाही. झेंडू दसऱ्याला उपयोगी पडेल, तेवढ्यासाठी जरूर लावा.

प्रश्न : आमच्याकडे घरातच माग आहेत. आई मागाशेजारी जमिनीवर चटई टाकून झोपते. गेल्या पावसाळ्यात सुताच्या कोनांमागे काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघाला. शेजारचे म्हणाले, कवड्या आहे, बिनविषारी.
– एक विणकर, पूर्व भाग

उत्तर : कवड्या असेलही. त्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. तशाच दिसणाऱ्या विषारी मण्यारीचे डोक्यामागे थोडी जागा सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने, आणि शेपटीकडे स्पष्ट होतात. पण रात्री, मागाखाली, बॅटरीच्या उजेडात हे कोण मोजत बसणार?

दादा, तुमच्या आईंची मला खरी काळजी वाटते. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं बहुतेक वेळा दुखत नाही, सूज येत नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, पुढे श्वास थांबतो. पावसाळ्यात पहाटे असं काही झालं तर ओव्याचा काढा करत बसू नका, थेट सिव्हिल गाठा.

आजच आईंना खाट द्या आणि मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. ही खोचलेली मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते, आणि तिला फार खर्च नाही. उकडतं म्हणून आई नको म्हणतील. पंखा खाटेकडे वळवा, पण ऐकू नका.

प्रश्न : आमच्या वस्तीवर साप चावला की वर करकचून दोरी बांधतात, ब्लेड मारतात, मग देवळात नेतात. मुलांना शाळेत काय सांगावं?
– शिक्षक, मोहोळ तालुका

उत्तर : सर, मुलांना करून दाखवा, फळ्यावर लिहून भागणार नाही. एकाला आडवं झोपवा. त्याच्या हातातलं कडं, अंगठी काढा, कारण सूज आली की ती रुतते. पायाला दोन बाजूंनी काठ्या लावून ओढणीने सैलसर बांधा, मोडलेल्या हाडाला बांधतात तसं, म्हणजे पाय हलणार नाही. चालवत न्यायचं नाही. 108 ला फोन, किंवा मिळेल ती गाडी.

दोरी नको. रक्त अडून अवयव सडू शकतो. ब्लेड तर मुळीच नको. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठत नाही, ती जखम वाहतच राहते. साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही, कारण आपल्याकडची सर्पदंशावरची लस (प्रतिविष) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असते. मेल्यासारखं दिसणारं डोकंही चावू शकतं. लहान मुलाला लस मोठ्या माणसाइतकीच देतात, कारण साप विष कमी-जास्त वयाकडे बघून सोडत नाही. ‘एवढ्याशा पोराला इतक्या बाटल्या कशाला’ म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालणारे पालक असतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम.

देवळात जाणाऱ्यांना अडवू नका, ते ऐकणार नाहीत. आधी दवाखाना, नारळ नंतर, एवढं कबूल करून घ्या. आणि जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात लस ठेवलेली असते, हे पावसाळ्याआधी स्वतः जाऊन विचारून या.

प्रश्न : नागपंचमीला बागेतल्या बिळाशी दूध ठेवावं का?
– आजी, अक्कलकोट रोड

उत्तर : आजी, साप दूध पचवू शकत नाही. गारुड्याचा नाग पितो तो तहानेने, त्याला मुद्दाम पाण्याविना ठेवलेला असतो. पाटावर नाग काढून पूजा करा, दूध नातवाला द्या. आणि ते बीळ कोणाचं आहे ते कळेपर्यंत तिथे वाकून हळदकुंकू वाहू नका.