सही माझी होती, चूक मशीनमनला दिसली होती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ माणसांचा व्यवसाय आहे, काम संपत नाही, रात्री झोप लागत नाही, सुट्टी घेता येत नाही, तर ताण कमी करायला ध्यानाचं एखादं ॲप उपयोगी पडेल का? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "घरचे म्हणतात, मालकाने सगळीकडे जातीने लक्ष घातलं की ताण आपोआप कमी होतो."

हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले. माझा थोरला भाऊ अकरा वर्षं मला हेच ऐकवतोय. त्याचाही स्वतःचा व्यवसाय आहे आणि तो खरंच सगळं जातीने बघतो. माझं मत सरळ सांगते: हा सल्ला चुकीचा आहे, आणि तुमची झोप बहुतेक त्यानेच घालवली आहे.

माझा खोकी छापायचा छोटा कारखाना आहे. एक चार रंगी ऑफसेट छपाईचं मशीन, एक डाय-कटिंग मशीन (छापलेला पुठ्ठा खोक्याच्या आकारात कापणारं), चिकटवायची दोन टेबलं, मला धरून नऊ माणसं. पाच वर्षांपूर्वी मी तुमच्यासारखीच होते. कागद मी मागवायचे, शाई मी बघायचे, गिऱ्हाइकाचा फोन मी घ्यायचे, प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या तपासणीच्या नमुन्यावर, सही माझीच. कोणी काही विचारायला आलं की मी म्हणायचे, "ठेव, बघते." ते "बघते" माझ्या टेबलावर साचायचं आणि रात्री डोक्यात फिरायचं.

त्या काळात साफसफाईचं द्रावण बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं काम आलं. त्यांची दोन मापं होती, एक लिटर आणि अर्धा लिटर. एक लिटरची खोकी आम्ही आधी छापली होती. आता अर्ध्या लिटरची 18,000 हवी होती. जुन्याच फाईलवर मजकूर बदलला गेला. खोक्याच्या तीन बाजूंना "500 मिली" झालं. चौथ्या बाजूला, जिथे वापरायच्या सूचनांचा बारीक मजकूर असतो, तिथे शेवटच्या ओळीत "1 लिटर" तसंच राहिलं.

प्रूफ माझ्यासमोर आलं तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. मी सकाळी सहाला उठलेली. ते प्रूफ दिव्याखाली कसं धरलं होतं हे अजून आठवतं. लाल रंग विटकरीकडे झुकतोय का, एवढंच मी बघत होते, कारण मागच्या वेळी त्यावरून बोलणी खाल्ली होती. रंग बरोबर होता. मी सही केली, छपाईची प्लेट मशीनवर चढली. एका शीटवर चार खोकी, म्हणजे साडेचार हजार शीट. तासाभरात छपाई उरकली.

नवव्या दिवशी गिऱ्हाइकाच्या पॅकिंगवाल्या माणसाला ती ओळ दिसली. तोवर डाय मारून, चिकटवून सगळा माल त्यांच्याकडे पोचला होता. वजनमापाचा आकडा चुकलेलं खोकं बाजारात जाऊच शकत नाही. सगळं परत आलं, सगळं पुन्हा माझ्या खर्चाने छापलं. पैसा गेला तो गेला, पण माझी झोप उडवली ती पुढच्या गोष्टीने.

रद्दीचे गठ्ठे बांधत असताना आमचे मशीनमन काका हळूच म्हणाले, "ताई, मला तेव्हाच दिसलं होतं."

रजिस्ट्रेशन जुळतंय का, म्हणजे चारही रंग एकमेकांवर नेमके बसतात का, ते बघायला ते भिंग घेऊन शीटवर वाकतात. त्या चौथ्या बाजूच्या कोपऱ्यातच रंग जुळवायची खूण होती आणि भिंगाखाली ती ओळ आली होती.

मी विचारलं, "मग बोललात का नाही?"

"तुमची सही होती. मागे एकदा बोललो होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात, काका, तुम्ही मशीन बघा."

मी तसं म्हणाले होते. कुठल्या कामाच्या वेळी तेही मला आठवलं. तीस वर्षं शीट बघणाऱ्या माणसाला मी गप्प केलं होतं आणि त्याच्या जागी वीस तास जागे असलेले माझे डोळे लावले होते.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तुझं लक्ष कमी पडलं. अजून बारकाईने बघायला हवं होतंस." आमचा वाद तिथे सुरू झाला तो अजून चालू आहे.

मी नंतर शोधून वाचलं. 1997 साली "नेचर"मध्ये एक प्रयोग छापून आला होता. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची नजर आणि हात यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका ढासळतो, असं त्यात दिसलं. कित्येक देशांत एवढ्या अल्कोहोलवर गाडी चालवणं गुन्हा आहे. माझे त्या रात्री पावणेवीस तास झाले होते. मी दादाला विचारलं, प्यालेल्या माणसाला तू प्रूफ तपासायला बसवशील का? यावर त्याने उत्तर दिलं नाही.

दुसरं त्याला पाठवलं ते जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचं 2021 मधलं काम. आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मरण्याचा धोका 17 टक्के जास्त. 2016 या एका वर्षात लांबलेल्या कामाच्या तासांमुळे जगभरात 7,45,000 माणसं गेली, असा त्यांचा अंदाज आहे. दादा म्हणाला, हे नोकरदारांचं असेल. अरे, हृदय मालकाचं आहे की नोकराचं हे रक्तवाहिन्यांना कुठे कळतं?

आता तुमच्या कामाकडे येते. ताण काम जास्त असल्याने येतो असं तुम्ही धरून चाललाय. थोडा येतोही. पण जास्त ताण येतो तो प्रत्येक गोष्ट तुमच्याच हातून पुढे सरकते म्हणून. तुम्ही अडलात की आठही जण अडतात, हे तुम्हाला पक्कं माहीत असतं, म्हणून गादीवर पडलं तरी डोकं पहाऱ्यावर असतं.

यात एक गणितही आहे आणि ते मला फार उशिरा समजलं. रांगांच्या गणिताच्या सगळ्यात साध्या नमुन्यात यंत्र 80 टक्के वेळ गुंतलेलं असेल तर नवीन कामाला सरासरी चार कामांइतका वेळ थांबावं लागतं. 90 टक्के गुंतलेलं असेल तर नऊ कामांइतका, 95 टक्के असेल तर एकोणीस. 80 ते 95 या पंधरा टक्क्यांत थांबणं जवळजवळ पाचपट होतं. आणि ते यंत्र म्हणजे तुम्ही स्वतः असाल तर? मी दिवसाचा प्रत्येक तास भरून टाकायचे आणि वर एखादं तातडीचं काम आलं की सगळं कोलमडायचं. आता मशीनच्या वेळापत्रकात रोज दीड तास मोकळा ठेवते. दादाच्या मते ही उधळपट्टी आहे. मला विचाराल तर सगळ्यात वसूल होणारा वेळ तोच आहे.

त्या खोक्यांनंतर मी काय बदललं ते सांगते, तुमच्या धंद्याला लावून बघा. संध्याकाळी सहानंतर प्रूफवर सही होत नाही, गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी. सही दोघांची लागते, आणि ज्याने फाईल केली तो त्यात नसतो. एकजण मोठ्याने वाचतो, दुसरा मूळ मजकुरावर बोट ठेवून बघतो, आकडे उलटीकडून वाचतात. काका दिसेल ते बोलतात आणि त्यांना मशीन थांबवायचा अधिकार आहे. पहिल्या वर्षात त्यांनी चार वेळा थांबवलं. तीन वेळा चूक खरी निघाली. चौथ्या वेळी निघाली नाही, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले. हे चौथ्या वेळचं आभार मानणं विसरू नका, नाहीतर पाचव्या वेळी कोणी बोलणार नाही.

फोनवर तारीख देत नाही. "उद्या दहापर्यंत सांगते," एवढंच. माझी निम्मी रात्र फोनवर घाईत दिलेल्या तारखांनी खाल्ली होती. उधारीचं एका वाक्यात सांगते: आगाऊ रक्कम आल्याशिवाय प्लेट बनत नाही, आणि यामुळे जी गिऱ्हाइकं गेली त्यांची मला आजवर आठवण आलेली नाही.

झोपेसाठी एक वही. कारखान्यातून निघायच्या आधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहायची, पण मोघम नाही. "कागदाचं बघणे" असं लिहिलं तर डोकं ते सोडत नाही. "साडेनऊला कागदवाल्याला फोन, 300 जीएसएमच्या दोन रिमा कमी आल्या" असं लिहिलं तर सोडतं. (जीएसएम म्हणजे कागदाच्या जाडीचं माप, एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन.) 2018 मध्ये 57 तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. नऊ मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. दोनला डोळे टक्क उघडे असलेल्याला विचारा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तो प्रयोग निरोगी तरुणांवर आणि प्रयोगशाळेत झाला होता, चाळिशीतल्या कर्जबाजारी मालकावर नाही. तुमच्याकडे आठ माणसं आहेत म्हणून मी हे सगळं बोलतेय. एकट्याने धंदा चालवणाऱ्याला काम सोपवायला माणूसच नसतो, त्याला माझा अर्धा सल्ला लागू नाही. माणसं नवी असतील तर आधी शिकवण्यात काही महिने जातील आणि त्या महिन्यांत ताण उलट वाढेल. माझा वाढला होता. आणि झोप महिनाभर उडालेली असेल, छातीत दुखत असेल, जगणंच नको वाटत असेल, तर वही-बिही बाजूला ठेवून आजच्या आज डॉक्टरांकडे जा. सतत थकवा, कामाचा तिटकारा आणि आपल्याने काहीच धड होत नाही ही भावना, ही तीन लक्षणं जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात कामाच्या ताणातून येणाऱ्या अवस्थेची म्हणून नोंदवलेली आहेत. मला दुसरं लक्षण होतं. फोन वाजला की गिऱ्हाइकाचा राग यायचा, उचलायच्या आधीच.

ॲपचं राहिलंच. मी दोन महिने एक वापरलं. वीस मिनिटं श्वास शांत व्हायचा, बाहेर आले की टेबलावर तेवढीच "बघते" पडलेली असायची. वापरा, नुकसान काही नाही.

दादा अजून रात्री साडेदहाला पुरवठादारांना फोन करतो. दोन वर्षांपूर्वी त्याला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. वाद घालताना मी हे कधी बोलले नाही, बोलणारही नाही. गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला होता. दादा शेजारी नाही ना, हे मी आधी विचारून घेतलं. ती म्हणाली, "ती तुझी वही कशी भरतेस, ते मला लिहून पाठव." मी त्या दिवशीच्या पानाचा फोटो काढून पाठवला, वर तारीख आणि खाली सात ओळी.