'श्लेष्मा', 'श्लेष्मल' की 'श्लेष्मस्रावी'?

प्रश्न असा आहे: ऊतिशास्त्राच्या, म्हणजे शरीरातल्या ऊतींच्या सूक्ष्म रचनेबद्दलच्या, मजकुराचा अनुवाद करताना बुळबुळीत स्राव तयार करणाऱ्या ग्रंथींना 'श्लेष्मा ग्रंथी' म्हणावं, 'श्लेष्मल ग्रंथी' की 'श्लेष्मस्रावी ग्रंथी'? आणि सरळ 'कफग्रंथी' म्हटलं तर काय बिघडतं?

'कफग्रंथी' नको. मराठीत कफ छातीत साठतो आणि खोकल्याबरोबर पडतो. शिवाय त्यामागे वात-पित्त-कफ हे त्रिकूट उभंच असतं. जिभेखालच्या किंवा आतड्यातल्या ग्रंथीला हे नाव दिलं तर वाचक भलतीकडे जाईल. 'श्लेष्मा ग्रंथी'ही चूक. मूळ शब्द 'श्लेष्मन्'. 'आत्मा'चं समासात 'आत्मचरित्र' होतं तसं 'श्लेष्मा'चं 'श्लेष्मग्रंथी' व्हायला हवं, आणि तेही जोडून.

आता राहिले दोन, आणि दोन्ही शुद्ध आहेत. पण अर्थ एक नाही. 'श्लेष्मस्रावी' हा शब्द ग्रंथीचं काम सांगतो, 'श्लेष्मल' तिचं रूप सांगतो. शेवटचा 'ल' इथे महत्त्वाचा. मांसल म्हणजे मांसाने भरलेलं, वत्सल म्हणजे वात्सल्याने भरलेलं, तसं श्लेष्मल म्हणजे श्लेष्म्याने भरलेलं. अमरकोशात 'श्लेष्मलः श्लेष्मणः कफी' असे तीन शब्द एकत्र दिले आहेत, पण तिथे ते कफाने ग्रासलेल्या माणसासाठी आहेत. आपण तोच शब्द पेशीला लावतो, आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की तो किती चपखल बसतो ते कळतं.

जिभेखालच्या लाळग्रंथीचा पातळ छेद घ्या, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या नेहमीच्या रंगांनी रंगवलेला. एखाद्या पोकळ नळीभोवती पाचरीच्या आकाराच्या पेशी दाटीने बसलेल्या दिसतात. त्यांचं अंग फिकट, फेसाळ, जवळजवळ रिकामं वाटतं. ते रिकामं नसतं. तिथे म्यूसिनचे, म्हणजे श्लेष्म्याला चिकटपणा देणाऱ्या शर्करायुक्त प्रथिनाचे, कण ठासून भरलेले असतात. ते इओसिन नीट धरत नाहीत आणि छेद तयार करताना त्यांतला बराच भाग धुऊन जातो. भरलेपणाचा पुरावा केंद्रकात सापडतो. एरवी गोल असणारं केंद्रक इथे पार तळाशी ढकललं जाऊन चपटं झालेलं असतं, भरगच्च पेटीच्या तळाला दबलेल्या नाण्यासारखं. तोच छेद शर्करा दाखवणाऱ्या पी.ए.एस. या पद्धतीने रंगवला तर फिकट पेशी किरमिजी होऊन उठून दिसतात, कारण म्यूसिनमधल्या शर्करा तो रंग घेतात. शेजारच्या पातळ, प्रथिनयुक्त स्राव देणाऱ्या पेशी मात्र नेहमीच्या रंगातही गडद दिसतात आणि त्यांचं केंद्रक गोल असतं. म्हणून जिथे पेशीच्या रचनेचं वर्णन चाललं आहे तिथे मी नि:शंकपणे 'श्लेष्मल' लिहीन. शरीरक्रियेबद्दल बोलताना 'श्लेष्मस्रावी' अधिक नेमका. श्वासनलिकेच्या आणि आतड्याच्या अस्तरात एकेकट्या बसणाऱ्या पेशींना 'चषक पेशी' म्हणतात, तो शब्दही मला फार आवडतो: वर फुगीर पेला, खाली बारीक दांडी, अगदी तसाच आकार.

मूळ धातूबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'श्लिष्' म्हणजे चिकटणे, बिलगणे. आश्लेष म्हणजे मिठी. एका शब्दाला दोन अर्थ बिलगले की श्लेष अलंकार. चिकटलेलं सोडवून वेगळं केलं की विश्लेषण, जोडून नवं केलं की संश्लेषण. पालीत 'श्लेष्म'चं 'सेम्ह' झालं, आणि आपला रोजचा 'शेंबूड'ही मला त्याच घराण्यातला वाटतो. म्यूसिनचे कण पेशीबाहेर पडताच पाणी शोषून शेकडो पटींनी फुगतात आणि चिकट जाळं तयार होतं; धूळ, जंतू त्यातच अडकतात. चिकटणं हेच या द्रवाचं काम आहे आणि ते नावातच आलेलं आहे.

जोडीने आलेला एक शब्द: मिश्र ग्रंथींत, म्हणजे जिथे फिकट आणि गडद दोन्ही पेशी असतात तिथे, श्लेष्मल पेशींच्या गुच्छाच्या टोकाशी गडद पेशींची चंद्रकोरीसारखी टोपी दिसते. जानुत्सी या इटालियन शास्त्रज्ञाचं नाव तिला मिळालं. मराठीत तिला 'अर्धचंद्र' म्हणतात. खूप वर्षं ही खरी रचनाच मानली गेली. पुढे ऊती झटकन गोठवून पाहिल्या तेव्हा त्या गडद पेशी श्लेष्मल पेशींच्या रांगेतच, खांद्याला खांदा लावून बसलेल्या आढळल्या. नेहमीच्या पद्धतीत रसायनाने ऊती टिकवताना श्लेष्मल पेशी फुगतात आणि शेजारणींना रांगेतून बाहेर रेटतात. मराठीत 'अर्धचंद्र देणे' म्हणजे मानगूट धरून बाहेर काढणे. हे भाषांतर करणाऱ्याच्या मनात फक्त आकार असणार, पण शब्दाचा दुसरा अर्थही खरा निघाला. 'श्लेष' म्हणतात तो हाच.