कासजवळच्या सड्यावरील (उघड्या कातळाच्या पठारावरील) दुर्मीळ फुले टिकावीत म्हणून आमच्या मंडळाने तेथे कोणती देशी झाडे लावावीत?

एकही लावू नये. देशी असो वा विदेशी, सड्यावर खड्डा घेणे हेच मुळात नुकसान आहे.

सातारा जिल्ह्यात आमच्या गावामागे जांभ्या कातळाचा सडा आहे. सातबाऱ्यावर तो पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, असल्यामुळे गावाने त्याला कधी जमीन मानलेच नाही. २०१० च्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बंधूंनी मित्रांसह तेथे वृक्षारोपण केले. ट्रॅक्टरने गाळाची माती आणि शेणखत वर नेले, पहारीने कातळ फोडला आणि पावसाचे पाणी साचणारी तीन उथळ डबकी सपाटीकरणात बुजवली. त्यांतल्या एका डबक्यात मी लहानपणापासून वायतुरा पाहत आलो होतो. पाण्याबाहेर डोकावणारा, इंग्रजी ‘वाय’सारखा दुभागलेला फिकट गुलाबी तुरा, नर आणि मादी फुले वेगवेगळ्या रोपांवर. सातारी तुरा हे त्याचे दुसरे नाव, आणि सह्याद्रीतील मोजक्या सड्यांखेरीज तो जगात कोठेही उगवत नाही. डबके आटले तरी त्याचा कंद उन्हाळाभर मातीत तग धरतो, परंतु दोन फूट भरावाखालून तो पुन्हा वर आला नाही. मी बंधूंना त्याच दिवशी अडवले होते. ‘‘ओसाड माळावर सावली होते आहे आणि तू पाणगवतासाठी भांडतोस,’’ असे ते म्हणाले.

सडा ओसाड नसतो. तेथील माती जेमतेम बोटभर आणि निकस असते, म्हणून तर सीतेची आसवे आणि दवबिंदू ही रोपे बारीक जीव पकडून नत्राची गरज भागवतात. तेथे खत पडले की उंच गवत माजते आणि उघड्या उन्हावर जगणारी ही चार बोटांची रोपे त्याखाली गुदमरतात. आमच्याकडे तेच झाले; लावलेली बहुतेक झाडे दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली, गवत तेवढे राहिले.

२०१२ मध्ये कास पठार जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा ती बातमी मी बंधूंपुढे ठेवली. कास वेगळे, आपला सडा वेगळा, हे त्यांचे म्हणणे मला आजही मान्य नाही. कातळ तोच आहे आणि पाऊसही तोच आहे.

मंडळाला काही करायचेच असेल, तर सड्यावर गाड्या चढू देऊ नका, डबकी बुजू देऊ नका आणि कंद उपटून कुंडीत नेणाऱ्यांना हटकत जा.

हे सारे कातळापुरतेच आहे. सड्याखालच्या उतारावर पूर्वी रान होते तेथे जांभूळ, अंजनी जरूर लावा. बंधूंनी तेच खड्डे उतारावर घेतले असते, तर रोपांना पाणी मी स्वतः वाहिले असते.