जनता वसाहत आणि इंग्रजांची वसाहत

पुण्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे : "मुलगी नववीत आहे. इतिहासात 'वसाहतवाद' आणि 'साम्राज्यवाद' असे दोन्ही शब्द आले. तिचं म्हणणं, आपल्याकडे येणाऱ्या मावशी जनता वसाहतीत राहतात, मग ती वसाहत आणि इंग्रजांची वसाहत एकच का? आणि 'वासाहतिक' बरोबर की 'वसाहतिक'?"

सोपं आहे ते आधी उरकतो. 'वासाहतिक' चालतो. समाज-सामाजिक, इतिहास-ऐतिहासिक या चालीवर तो घडवलेला आहे. आता 'वसाहत' हा काही संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला शब्द नव्हे, तो 'वसणे' या आपल्या क्रियापदाच्या घरातला. त्याला संस्कृतची वृद्धी, म्हणजे पहिला स्वर वाढवायची रीत, लावणं म्हणजे धोतरावर कोट. पण धोतरावर कोट घालून पुण्यात लोक पिढ्यान्‌पिढ्या हिंडले, कुणाचं काही बिघडलं नाही. मी स्वतः 'वसाहती राजवट' असं लिहितो. त्यातली अडचण एवढीच, की अनेकवचन 'वसाहती'ही तसंच दिसतं.

मुलीचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. वसणे, वसवणे, वस्ती, वसतिगृह या सगळ्या कुळात वाईट अर्थाचा एकही शब्द नाही. पुण्यात तर नाहीच नाही. हे गाव आदिलशाही सरदाराने बेचिराख केलं, गाढवाचा नांगर फिरवला आणि मग जिजाऊंनी बाल शिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर फिरवून ते पुन्हा वसवलं, ही कथा इथे पोरासोरांना पाठ असते. लाल महालात तिचं शिल्पही आहे. पुढे पेशवाईत पेठा वसवल्या गेल्या त्याही कौल देऊन, म्हणजे येऊन राहणाऱ्याला काही वर्षं पट्टी माफ करून. 1961 मध्ये पानशेत फुटल्यावर उघड्यावर आलेल्यांसाठी झाल्या त्या पूरग्रस्त वसाहती. थोडक्यात, मराठी कानाला 'वसाहत' म्हणजे निवारा.

(जाता जाता : डहाणूकर कॉलनीत फ्लॅट घेतला तर पाहुणे भुवया उंचावतात, जनता वसाहतीत, म्हणजे झोपडवस्तीत, खोली घेतली तर सुस्कारा टाकतात. 'कॉलनी' आणि 'वसाहत' यांचा अर्थ एकच. इंग्रजी शब्दाला चढा भाव आणि मराठीला उतरता, हा परिणामही याच धड्यात शिकवायला हरकत नव्हती.)

'कॉलनी'चं मूळ लॅटिन 'कोलोनिया'. तो निघाला 'कोलोनस'पासून, आणि 'कोलोनस' म्हणजे जमीन कसणारा. म्हणजे तिकडेही नांगर आणि इकडेही नांगर. 'कॉलनी'ला 'वसाहत' हा शब्द ठेवणाऱ्याने अगदी नेमका शब्द ठेवला. गोची अशी, की आपल्या वसवण्यात आधी जमीन ओसाड पडलेली असते. युरोपीयांनी ज्या जमिनी वसवल्या त्या आधीच वसलेल्या होत्या. ऑस्ट्रेलियात हजारो वर्षं राहणारी माणसं डोळ्यांसमोर असताना कायद्याने ती जमीन कुणाचीच नाही असं धरलं, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे चूक म्हणायला 1992 साल उजाडलं. अल्जीरियात 1962 च्या स्वातंत्र्याआधी दहा लाखांच्या आसपास युरोपीय राहत होते. केनियातली सुपीक उंचावरची जमीन गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली होती. या वसाहती अक्षरशः वसवलेल्या, पण त्यांचं वसणं म्हणजे दुसऱ्याचं उठणं. हे दुसरं अंग मराठी शब्दात कुठेच उमटत नाही.

आणि हिंदुस्थान? इथे ते वसले तरी का? 1921 च्या शिरगणतीत ब्रिटिश माणसं दीड लाखाच्या घरात, आणि देशाची लोकसंख्या बत्तीस कोटींच्या. बहुतेकजण नोकरीवर आले आणि पेन्शन घेऊन मायदेशी गेले. ते पेन्शनही इथल्याच तिजोरीतून. लंडनमध्ये वसाहतींचा कारभार पाहणारं खातं वेगळं आणि हिंदुस्थानचं वेगळं होतं, म्हणजे कागदोपत्री आपण 'वसाहत' नव्हतोच. गंमत पुढेच आहे. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत 'वसाहतीचे स्वराज्य' हा शब्दप्रयोग सापडतो. ती मागणी होती! कॅनडा, ऑस्ट्रेलिया या गोऱ्या वसाहतींना जसा आपला कारभार आपण पाहता येतो तसा आम्हालाही द्या. 1928 च्या नेहरू अहवालात तेच मागितलं होतं, आणि 1929 च्या डिसेंबरात लाहोरला काँग्रेसने ते सोडून पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव केला. ज्या शब्दाला आज आपण गुलामीचं नाव मानतो, तो तेव्हा बढतीचा हुद्दा होता.

मग आपल्याकडे जे घडलं त्याला नेमका शब्द कोणता? माझ्या मते तो तीनशे वर्षांपूर्वीच कुणीतरी लिहून ठेवला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे मराठ्यांच्या राज्यनीतीवरच्या ग्रंथात, 1715 च्या सुमारास, टोपीकरांवर स्वतंत्र प्रकरण आहे. टोपीकर म्हणजे फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच). अमात्य सांगतात की हे इतर सावकारांसारखे नव्हेत. यांच्या मागे यांचे राजे आहेत, आणि राज्य करणाऱ्याला स्थललोभ नसेल असं कसं होईल? म्हणून वखारीला जागा दिलीच तर समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी देऊ नये, आत द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. 'स्थललोभ'! साम्राज्यवादाचं कारण चार अक्षरांत सांगणारा असा शब्द आपण पाठ्यपुस्तकात का घेतला नाही, मला कळत नाही.

पक्की इमारत झालीच. मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलाचं ठाणं, उभी राहिली. 1817 च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्याच्या 17 तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुढचं सगळं बिनआवाजाचं. सारा रोखीत आणि ठरल्या तारखेला भरायचा. पीक बुडालं तरी सावकार गाठायचा. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज तसंच राहिलं. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. हे दंगे गावोगाव पसरले, आणि त्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जखतांवर होता. सुपं लुटायला कुणी गोरा नांगर घेऊन आला नव्हता. म्हणून इथल्या हकिकतीला 'वसाहत' हा शब्द ढगळ होतो.

एक ठिकाण मात्र आहे जिथे सरकारने इथेही खरोखर माणसं 'वसवली'. सोलापूरला कुणालाही विचारा, 'सेटलमेंट' कुठे आहे ते सांगेल. 1871 च्या कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्यांना अशा सेटलमेंटांत कुंपणाआड कोंडलं, हजेरी लावली, कामाला जुंपलं. भटक्या माणसाला एका जागी वसायला लावणं ही शिक्षा होती. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला आणि त्या जमातींना 'विमुक्त' हा शब्द मिळाला.

तर ताई, मुलीला असं सांगा. दूरच्या देशांवर हुकमत बसवायची हाव आणि धोरण म्हणजे साम्राज्यवाद. तिथे आपली माणसं किंवा आपला कारभार रुजवून त्या देशाची घडी आपल्या सोयीने बदलणं म्हणजे वसाहतवाद. पुस्तकात शब्द रुळलाय, परीक्षेत तोच लिहू दे. फक्त हे दोन्ही शब्द करणाऱ्याच्या बाजूने बोलतात. ज्याच्यावर बेतलं त्याच्या बाजूचा शब्द 'पारतंत्र्य', आणि तो उत्तरात एकदा तरी यायला हवा.

आणि मावशींची वसाहत ती मूळ अर्थाची, पोट भरायला शहरात आलेल्या माणसांनी पर्वतीच्या डोंगराला धरून स्वतः वसवलेली.