वय वाढलं की एचआयव्हीच्या गोळीचा डोस कमी करावा का?

गोळी अर्धी करू नका. आधी वडिलांना एवढं सांगा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की वडील 67 वर्षांचे आहेत, वजन 56 किलो, बरीच वर्षं एआरटीवर (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांवर), सध्या रोज एक टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर या तीन औषधांची एकत्र गोळी. कुणी नातेवाईक म्हणाले की म्हातारपणी औषध अंगात साचतं, अर्धीच पुरे. मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका सरकारी एआरटी सेंटरच्या औषध खिडकीमागे फार्मासिस्ट म्हणून बरीच वर्षं बसलो. शेवटी शेवटी हा प्रश्न फार यायचा, आणि ते साहजिक होतं. सरकारची मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 ला सुरू झाली. तेव्हा चाळिशीत असलेली माणसं आता साठी ओलांडून गेली. ती म्हातारी होतील असं त्या काळी कुणाच्या डोक्यातही नव्हतं, त्यामुळे औषधांच्या बहुतेक चाचण्याही तरुण आणि मध्यमवयीन लोकांवरच झाल्या.

नातेवाईकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. वयाबरोबर यकृत लहान होतं, त्यातून वाहणारं रक्त कमी होतं, मूत्रपिंडाची गाळण मंदावते. औषध बाहेर पडायला वेळ लागतो आणि रक्तातली पातळी थोडी चढी राहते. टीएलडीतलं डोल्युटेग्रॅव्हिर यकृतात मोडतं. लंडनमधल्या एका अभ्यासात साठीपुढच्या रुग्णांमध्ये त्याची सर्वांत वरची पातळी तरुणांपेक्षा जास्त निघाली, पण दिवसभरात अंगाला मिळणाऱ्या एकूण औषधात फारसा फरक नव्हता. एवढी वाढ हे औषध सहज सोसतं. निव्वळ वय झालं म्हणून त्याचा डोस कमी करत नाहीत. अर्धी गोळी म्हणजे तिन्ही औषधं अर्धी. त्यातल्या लॅमिव्ह्युडिनला निकामी करायला विषाणूत एक बदल पुरतो. तो झाला की मग गोळी पूर्ण घेऊनही ते औषध आधीसारखं चालत नाही.

खरं लक्ष द्यायचं ते मूत्रपिंडाकडे, कारण टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन लघवीवाटे बाहेर जातात. इथे लोक फसतात ते क्रिएटिनिनच्या आकड्याला (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो एक टाकाऊ पदार्थ). रिपोर्टवर 1.1 आलं, शेजारी 'नॉर्मल' छापलेलं, झालं समाधान! मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या ताकदीचा हिशोब असा करतात: 140 मधून वय वजा करा, वजनाने गुणा, मग 72 गुणिले क्रिएटिनिन याने भागा. बाई असेल तर आलेल्या उत्तराला 0.85 ने गुणायचं. वडिलांच्या वयाला आणि वजनाला क्रिएटिनिन 1.1 असेल तर उत्तर येतं साधारण 52. त्याच वजनाच्या आणि त्याच 1.1 च्या 37 वर्षांच्या माणसाचं येतं 73. रिपोर्ट एकच, गाळण्याची ताकद निराळी. हिशोबाचं हे उत्तर 50 च्या खाली गेलं की टेनोफोव्हिरचा फेरविचार करतात, बहुधा त्याच्या जागी अबॅकॅव्हिर देतात. तो निर्णय डॉक्टरांचा, तुमचा-माझा नव्हे. आणखी एक गोम आहे. डोल्युटेग्रॅव्हिर सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन किंचित वर जातं आणि तिथेच थांबतं. ते औषध क्रिएटिनिनची बाहेर पडायची एक वाट अडवतं एवढंच, मूत्रपिंड बिघडलेलं नसतं. म्हणून एकट्या रिपोर्टपेक्षा मागचे तीन-चार रिपोर्ट शेजारी ठेवून बघावेत.

माझ्या अनुभवात म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ एआरटीच्या गोळीने कमी आणि बाकीच्या पाकिटांनी जास्त होतो. गुडघे दुखतात म्हणून पेठेतल्या दुकानातून डायक्लोफेनॅक आणायचं आणि महिनोन् महिने घ्यायचं, वर टेनोफोव्हिर चालूच. मूत्रपिंडावर दोन्हीकडून मार. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिर त्याची रक्तातली पातळी चांगलीच वाढवतं, म्हणून दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर सहसा जाऊ देत नाहीत. गाळण कमी असेल तर त्याहूनही खाली. कॅल्शियम, लोह आणि डायजीन-जेलुसिलसारखी पित्ताची औषधं याच्या उलट काम करतात: पोटातच डोल्युटेग्रॅव्हिरला धरून ठेवतात आणि पातळी पाडतात. टीएलडी त्यांच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर घ्यावी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी मात्र भरल्या पोटी टीएलडीबरोबर चालते. भस्मं आणि काढे घेत असतील तर तेही सेंटरमध्ये सांगा, लाजू नका.

कधी दुसऱ्या फळीची औषधं (पहिली चालेनाशी झाली की देतात ती) लागली, म्हणजे रिटोनाव्हिर असलेली, तर प्रकरण वेगळं. कोलेस्टेरॉलचं सिम्व्हास्टॅटिन त्याबरोबर चालतच नाही आणि दम्याच्या काही पंपांतलं स्टेरॉइड अंगात साचतं. सध्या तो प्रश्न नाही, म्हणून इथेच सोडतो.

अडचण अशी की घराजवळच्या डॉक्टरांना एआरटीचं सांगितलेलंच नसतं. भीती मला कळते. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय ही माहिती फोडायला मनाई आहे, तरी सोसायटीत नाव होईल ही धास्ती कायद्याने जात नाही. सांगायचं नसेल तर निदान उलट बाजूने करा: घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून, ग्रीन बुकासोबत (सेंटरने दिलेल्या उपचाराच्या वहीसोबत) एआरटी सेंटरच्या खिडकीवर न्या. ससून असो की पिंपरी, तिथल्या फार्मासिस्टला पाच मिनिटं लागतात. त्याच फेरीत क्रिएटिनिन कधी केलं होतं ते विचारा आणि हिशोब करून मागा.

रक्तातली औषधाची पातळी मोजून मिळेल का, असंही तुम्ही विचारलंय. नेहमीच्या उपचारात ती मोजत नाहीत. वर्षाचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, दबलेला असेल तर औषध पुरतंय. वडिलांना झोप लागत नाही असं लिहिलंय; डोल्युटेग्रॅव्हिरने काहींची झोप उडते, तर गोळी रात्री घेतात का बघा. इफाव्हिरेन्झ या जुन्या एआरटी औषधाच्या काळात झोपताना घ्यायची सवय लागली, ती अनेकांची अजून तशीच आहे. टीएलडी सकाळी घेतली तरी चालते.